मुलाला बोलून बसले, आता शाप लागेल का?

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरातल्या एका ताईंच्या मुलाचे बारावीत दोन विषय राहिले. निकालाच्या दिवशी भर दुपारी, घरात पाहुणे असताना, त्या त्याला म्हणाल्या, "तू जन्मालाच आला नसतास तर बरं झालं असतं बे. तुझ्या हातून काही व्हायचं नाही." महिन्याभरानं मुलगा गाडीवरून पडला, हात मोडला. पुढे एका सभेत बाहेरून आलेल्या प्रचारकांनी सांगितलं की आईबापाच्या तोंडून शाप निघाला की सैतानाला दार उघडं होतं. तेव्हापासून ताईंना झोप नाही, आणि मुलगा घरात धड बोलत नाही. शिवाय ताईंना शुगर आहे. प्रार्थनेच्या गटातली एक भगिनी सांगते, "‘मला शुगर आहे’ असं तोंडानं म्हणायचंच नाही. ‘मी बरी आहे’ एवढंच कबूल करायचं." ताई विचारतात, माझा शब्द खरंच लागला का? आणि जीभ ताब्यात कशी ठेवू?

ताई, आधी अपघाताचं. तुमच्या शब्दानं गाडी घसरली नाही. ही नुसती समजूत घालत नाही, पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, तसं आहे. नीतिसूत्रे 26:2 काढून वाचा. विनाकारण दिलेला शाप भिरभिरणाऱ्या चिमणीसारखा असतो, कुठे टेकत नाही. गणनाच्या 22 ते 24 अध्यायांत बालाक राजा बलामाला पैसे देऊन इस्राएलाला शाप द्यायला आणतो. तीन वेगवेगळ्या ठिकाणी नेतो, प्रत्येक ठिकाणी सात वेद्या बांधतो, आणि तिन्ही वेळा बलामाच्या तोंडून आशीर्वादच निघतो. ज्याला देवानं शापिलं नाही त्याला मी कसा शापू, असं तो स्वतःच म्हणतो. शाप द्यायचा धंदा असलेल्या माणसाला जे जमलं नाही, ते रागावलेल्या आईला चुकून जमेल?

आईच्या तोंडच्या शब्दाबद्दल तर दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही तुमच्यासाठीच लिहिल्यासारख्या आहेत. उत्पत्ती 35 मध्ये राहेल बाळंतपणात जाते. जाता जाता मुलाचं नाव ठेवते बेनओनी, म्हणजे माझ्या दुःखाचा पुत्र. याकोब ते नाव राहू देत नाही, बन्यामीन म्हणतो, आणि सगळं पवित्र शास्त्र त्याला बन्यामीन म्हणूनच ओळखतं. दुसरी 1 इतिहास 4:9-10 मध्ये. याबेसच्या आईनं त्याचं नाव क्लेशावरून ठेवलं, कारण त्याला जन्म देताना तिला क्लेश झाले. हा मुलगा मोठा होऊन देवाकडे मागतो की मला क्लेश होऊ नये, आणि देव त्याचं मागणं पुरं करतो. म्हणजे आईनं जन्मभरासाठी चिकटवलेलं नावसुद्धा देवाला शेवटचं वाटलं नाही. तुमचं तर एका दुपारचं वाक्य.

मग जिभेच्या हाती जीवन-मरण आहे, हे नीतिसूत्रे 18:21 कशाबद्दल बोलतं? बहुतेक ठिकाणी हे वचन एकटं उचलून भिंतीवर लावतात. तो अध्याय सलग वाचला की दिसतं, 13व्या वचनात ऐकण्याआधी उत्तर देणारा आहे, 17व्यात आधी बोलणाऱ्याची बाजू खरी वाटते पण दुसरा येऊन तपासतो, हे आहे. वातावरण पंचांपुढच्या वादाचं आहे. त्या काळी न्याय वेशीत व्हायचा आणि साक्षीदाराच्या जिभेवर माणसाचा जीव असायचा. नाबोथाचं बघा, 1 राजे 21. दोन लबाड माणसं समोर बसवली, त्यांनी एक वाक्य सांगितलं, आणि नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडमार केला. मरण जिभेच्या हाती असतं ते असं. ऐकणारे विश्वास ठेवतात आणि मग हातपाय हलवतात. शब्द मंत्रासारखा हवेतून काम करत नाही, ऐकणाऱ्याच्या मनातून करतो.

म्हणून तुमच्या घरात नुकसान झालंच नाही असं मी म्हणणार नाही. झालं, पण ते हाताच्या हाडाला नाही. पाहुण्यांसमोर आईनं "तू नको होतास" म्हटलं आणि अठरा वर्षांच्या मुलानं त्यावर विश्वास ठेवला. तो गप्प आहे तो त्यामुळे. शापाच्या शिकवणीवर माझा खरा राग इथे आहे. ती माणसाला चुकीच्या जागी राबवते. शाप मोडायच्या प्रार्थना होतात, उपास होतात, घराच्या चौकटीला तेल लागतं, आणि ज्याला लागलंय तो पोरगा आतल्या खोलीत तसाच बसलेला असतो. शाप मोडणं सोपं वाटतं, कारण त्यात पोराच्या डोळ्यांत बघायला लागत नाही. मत्तय 5:23-24 उलटा क्रम सांगतो. वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये.

आता माफी कशी मागायची. हे नीट सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो.

वेळ अशी धरा की तो उपाशी नसेल, बाहेर निघालेला नसेल आणि तुमची घाई नसेल. मोबाईलवर लिहून पाठवू नका. बसून, त्याच्याच उंचीवर. जे बोललात ते जसंच्या तसं उच्चारा: "निकालाच्या दिवशी मी तुला म्हटलं, तू जन्मालाच आला नसतास तर बरं." हे तोंडातून काढणं जड जातं. पण "त्या दिवशी मी जरा जास्त बोलले" असं मोघम म्हटलं की पोराला कळतं, आईला नक्की काय लागलं ते माहीतच नाही. मग म्हणा, "ते खोटं होतं. चुकलं माझं." इथे थांबा. या वाक्यानंतर ‘पण’ आला की माफी संपली आणि रागावणं सुरू झालं. "चुकलं माझं, पण तूपण अभ्यास..." यातलं पोराच्या कानात फक्त दुसरं अर्धं राहतं. अभ्यासाचं बोलायला आख्खं वर्ष पडलंय, त्या दिवशी नको. सगळं मिळून मिनिटभराचं काम आहे. रडू आलं तर येऊ द्या, पण त्यालाच तुमची समजूत काढायला लागेल इतकं नको.

जेवढ्या लोकांसमोर लागलं तेवढ्यांसमोर फिरवलं पाहिजे. पाहुणे होते ना? पुढच्या वेळी ते आले की त्याच्यादेखत एक वाक्य पुरे: "त्या दिवशी मी याला जे बोलले ते मला बोलायला नको होतं." खाजगीत माफी आणि चारचौघांत अपमान तसाच, हा हिशेब मुलं विसरत नाहीत.

आणि भाषा. ज्या भाषेत लागलं त्याच भाषेत माफी मागायची. आपल्याकडे उपासना एका मराठीत, भांडण दुसऱ्या मराठीत, आणि कितीतरी घरांत आजीशी बोलणं तेलुगू नाहीतर कानडीत. रागावलात ‘बे’ लावून आणि माफी मागायला गेलात "बाळा, मला क्षमा कर" म्हणत, तर त्याला ते चर्चमधलं वाटणार, आईचं नाही. "चुकलं रे माझं" हे घरातलं आहे. ज्यांच्या घरात रागाचा शब्द तेलुगूत सुटला, त्यांनी तेलुगूत मागावी. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करताना शब्द साधे धरले, ते अडाणी बाईलाही कळावेत म्हणून. घरातल्या माफीला तोच नियम लावायचा.

मुलगा कधी "मी नसतो तर बरं" अशा अर्थाचं बोलला, तर ते टोमण्याला टोमणा समजू नका. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाला तर एकटं सोडू नका, 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतीच्या, मोफत नंबरवर लावा आणि डॉक्टरकडे न्या. प्रार्थना त्याच्यासोबत करा, त्याच्याऐवजी नको.

शुगरचं आता. "मी बरी आहे" म्हणत राहिलं की बरं होतं, या शिकवणीला रोम 4:17 चा आधार देतात, नसलेल्या गोष्टींना असल्यासारखं बोलावणं. त्या वचनात बोलावणारा कोण आहे ते बघा. देव आहे, आपण नाही. मार्क 11 मधलं डोंगराला समुद्रात जा म्हणण्याचं वचनही देतात. त्याच्या आधीचं वाक्य देवावर विश्वास ठेवा असं आहे, आपल्या बोलण्यावर नाही. आणि दोनच वचनं पुढे प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा, असं आहे. डोंगरावर संदेश पुष्कळ होतात, त्या वचनावर फार ऐकू येत नाहीत. प्रेषित पौल स्वतः आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, आजारी म्हणून मिलेतात सोडून आल्याचं लिहितो, तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो, एपफ्रदीत मरणाला टेकला होता हेही लपवत नाही. आजाराचं नाव घेतल्यानं विश्वास कमी झाला असं त्याला वाटलेलं दिसत नाही. स्तोत्र 13 मध्ये पहिल्या दोन वचनांत चार वेळा ‘किती काळ’ येतं. दुखतंय हे देवाला सांगणं ही प्रार्थनाच आहे.

यात धोका काय, तर माणसं गोळ्या सोडतात. ‘मी बरी आहे’ म्हणायचं आणि गोळी घ्यायची, हे दोन्ही एका तोंडाला जमत नाही, मग गोळी सुटते. इन्सुलिनवरच्या माणसानं ते बंद केलं तर काही दिवसांत जिवावर बेतू शकतं. टीबीचा साधा कोर्स सहा महिन्यांचा असतो, मधे सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि घरातल्यांनाही तेच जंतू लागतात. म्हणून गटात म्हणायचंच असेल तर खरं म्हणा: "मला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, प्रभू मला सांभाळतो." यातलं एकही वाक्य खोटं नाही आणि एकही अविश्वासाचं नाही.

आणि शुगरचा जिभेशी फार जवळचा संबंध आहे, तो कोणी सांगत नाही. शुगरच्या काही गोळ्या घेऊन जेवण लांबलं की साखर खाली जाते. घाम येतो, हात थरथरतात आणि माणूस एकदम चिडचिडा होतो. त्या दुपारी तुम्ही जेवला होतात का? पाहुण्यांना वाढून बाईनं मागून जेवायचं, ही आपल्याकडची रीत. शुगरवाल्या बाईनं ती मोडायची. थरथर आली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, मशीन असेल तर तपासायचं, मग दोन घास. आणि तोवर कोणाला काही बोलायचं नाही. यानं चुकीला सूट मिळत नाही, पण चूक कुठून येते ते दिसतं. 1 राजे 19 मध्ये एलीया झुडपाखाली बसून "माझा जीव घे" म्हणतो. देव त्याला लगेच उपदेश करत नाही. झोपू देतो, दूत येऊन भाकर-पाणी देतो, परत झोपू देतो, परत खायला देतो. बोलणं नंतर, होरेब डोंगरावर.

जीभ ताब्यात ठेवण्याबद्दल नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायाचं 8वं वचन स्पष्ट आहे, कोणा माणसाला ती वश करता येत नाही. घोड्याचा लगाम, जहाजाचं सुकाणू, रानाला लागलेली ठिणगी, इतके दाखले देऊन तो शेवटी हे म्हणतो. म्हणून "आजपासून रागावणारच नाही" असा निश्चय करू नका, तो बुधवारपर्यंत टिकत नाही. त्याऐवजी सात दिवस एक वही ठेवा. तोंडातून कडू शब्द गेला की चार गोष्टी लिहायच्या: किती वाजले होते, कोणाला, नेमकं वाक्य काय, आणि आधीच्या अर्ध्या तासात काय चाललं होतं. सल्ला, पश्चात्ताप, वचन काही लिहायचं नाही, फक्त नोंद. आठवड्यानं बघाल तर दिवसभर कुठेही बोलणं जात नाही, दोन-तीन ठराविक जागा असतात. आपल्या गावात एक जागा हमखास निघते, पाणी येण्याचा दिवस. मोटर लावायची, पिंप भरायची, कोणी उठत नाही, आणि तेवढ्यात पाणी जातं. दुसरी, मे महिन्याची दुपार, लाईट गेलेली. तिसरी, डबा आणि शाळेची रिक्षा यांच्या मधली दहा मिनिटं. जागा कळली की व्यवस्था करता येते. पाण्याच्या दिवशी कोणती कळशी कोण भरणार ते आदल्या रात्री ठरवा. निम्मं भांडण तिथेच मिटतं, आणि त्यात अध्यात्म काही नाही. उरलेल्या निम्म्यासाठी स्तोत्र 141:3 आहे, माझ्या तोंडाच्या दारावर पहारा ठेव. एका श्वासात म्हणून होतं, मोटरचं बटण दाबता दाबता म्हणा.

वहीत वाक्यं दिसली की दोन ढीग करा. एक कामावरची, "टाकी भरायची राहिली", "वही कुठंय". ही कितीही मोठ्यानं असली तरी लागून राहत नाहीत. दुसरी माणसावरची: "मठ्ठ", "आळशी", "बापावर गेलास", "तुझ्याच्यानं व्हायचं नाही". दुसऱ्या ढिगातलं प्रत्येक वाक्य पहिल्या ढिगात नेऊन लिहायचा सराव करा. "आळशी कुठला" च्या जागी "सात वाजले, अजून अंथरूण तसंच आहे". आवाज तोच ठेवा, हरकत नाही.

आणखी एक प्रकार वहीत सापडत नाही, कारण तो हळू आवाजात होतो. इफिस 4:29 मध्ये आपल्या मराठी बायबलात ‘कुजके भाषण’ असा शब्द आहे. आपल्याला कुजकं म्हटलं की टोमणा आठवतो, "हो, साहेब उठले वाटतं". मूळ ग्रीक शब्द सडक्याला वापरतात. मत्तय 13:48 मध्ये जाळ्यातले वाईट मासे वेगळे काढून टाकतात, तिथे तोच शब्द आहे. टोमणा त्यात येतोच, पण खायच्या लायकीचं नाही ते सगळंच येतं. टोमण्याची अडचण अशी की समोरच्याला उत्तर देता येत नाही. "मी कुठं काय म्हणाले?" म्हणून आपण मोकळे. माझं मत विचाराल तर सरळ शिवी टोमण्यापेक्षा बरी, तिची निदान माफी मागता येते.

प्रार्थनेच्या गटाचं थोडक्यात. "प्रार्थनेसाठी सांगते" म्हणून दुसऱ्याच्या घरातलं सांगायचं असेल, तर आधी त्या माणसाला विचारायचं. "एका भगिनीसाठी" म्हणून नाव गाळलं तरी चाळीस घरांच्या मंडळीत कळायचं ते कळतं. लाकूड नसलं की विस्तव विझतो, चहाडखोर नसला की भांडण शमतं, नीतिसूत्रे 26:20. मत्तय 18 चा क्रम एकट्यानं जाणं, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळी. आपण सुरुवात व्हॉट्सॲपवर करतो. याला एक अपवाद आहे आणि तो पाळक मंडळींनी ठळक सांगायला हवा. मारहाण होत असेल, लहान मुलाशी काही वाईट होत असेल, तर ‘आधी एकट्यानं जा’ लागू नाही. तिथे गप्प बसणं म्हणजे नाबोथाच्या वेशीतल्या पंचांसारखं. मदतीचे नंबर: बायकांसाठी 181, मुलांसाठी 1098.

शेवटी तुम्ही घरात सुरू करू शकाल असं एक. गणना 6:24-26 चा आशीर्वाद, ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो’ इथून सुरू होणारा. हिब्रूत तो जेमतेम पंधरा शब्दांचा आहे, तीन ओळी, तीन-पाच-सात असे वाढत जाणारे. 1979 मध्ये यरुशलेमेत चांदीच्या दोन बारीक गुंडाळ्या सापडल्या. त्यांवर हाच आशीर्वाद कोरलेला होता आणि त्या ख्रिस्ताच्या सहाशे वर्षं आधीच्या आसपासच्या आहेत. गळ्यात घालायला केलेल्या. लहान मुलाच्या डोक्यावर हात ठेवून रात्री म्हणायला वीस सेकंद लागतात. अठरा वर्षांचा मुलगा हात ठेवू देणार नाही, ठेवायला जाऊही नका. तो झोपायला गेला की दारातूनच म्हणा, मोठ्यानं नको, ऐकू येईल इतपत. त्यानं कूस बदलली, कानात हेडफोन घातला, तरी दुसऱ्या रात्री परत.

माफी मागाल तेव्हाही तो बहुतेक "बरं" म्हणेल आणि मोबाईलमध्ये तोंड घालेल. त्या दिवशी तेवढंच. "मग माफ केलंस ना?" असं विचारू नका. ‘बे’ मात्र थोडे दिवस बाजूला ठेवा. सोलापुरात ‘बे’ शिवी नाही, दोस्तीत तर तो गोडच लागतो, पण या घरात सध्या त्याला निकालाच्या दुपारचा वास आहे. तो स्वतःहून तुमच्याकडे काही मागायला येईल, भाकरी, चहा, पेट्रोलला पैसे, काहीही. त्यानंतर म्हणायला हरकत नाही.